पगार वेळेवर, पण वेळ पगारात नाही: ओमानमधल्या एका नव्या विद्यापीठातली इंग्रजीची नोकरी

पाचपैकी तीन तारे. घर, पगाराची तारीख आणि वर्गातली मुलं यांना चारच्या वर देईन. कामाच्या तासांच्या हिशोबाला मात्र दीडसुद्धा देववत नाही. विद्यापीठाचं नाव आणि गाव लिहिणार नाही. एक तर मी अजून तिथंच नोकरी करते, आणि दुसरं म्हणजे ओमानात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. मस्कतच्या बाहेरचं, खासगी, नवंकोरं, अर्धं बांधून झालेलं, एवढं पुरे.

तुम्हाला तिथं ‘लेक्चरर’ म्हणून बोलावत असले तरी कविता आणि नाटकं शिकवायला बोलावत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. ओमानात सरकारी शाळा अरबीतून चालतात आणि पदवीचे बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीतून. मधली दरी भरायला फाउंडेशन प्रोग्रॅम असतो. २००८ साली त्याचे राष्ट्रीय निकष ठरले: इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यासाची कौशल्यं. इंग्रजीत साधारण आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेच्या पाच बँडइतकी (नऊपैकी) तयारी झाली की पोरगं पदवीच्या वर्गात जातं. आता विद्यापीठच नवं असेल तर वरचे वर्ग रिकामे असतात, कारण वर जाण्याइतकं तयार अजून कुणी झालेलंच नसतं. सगळी गर्दी खाली, म्हणून सगळी फीसुद्धा खालीच. संस्था चालते ती इंग्रजी विभागाच्या जिवावर, आणि संस्थेला नव्याने जे जे उभं करायचं असतं तेही याच विभागाच्या अंगावर येतं, कारण माणसं तिथंच आहेत. बाकी विभागांत एक प्रमुख, एक मदतनीस आणि खूप खुर्च्या.

पगाराचं सांगते. मला एकूण ७५० रियाल आणि राहायला घर असं ठरलं. ओमानी रियाल डॉलरला बांधलेला आहे, एक रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर, त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवलेल्या पैशात आपोआप भर पडते. पगारावर आयकर नाही. २०२८ पासून लागणार आहे, पण तो वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या उत्पन्नावर, ५ टक्के. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईने त्याची काळजी करण्याचं कारण नाही. पगार बँकेत येतो आणि वेळेवर येतो. तासिका तत्त्वावर काम करून मार्चचं मानधन दिवाळीला घेणाऱ्यांना या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण ७५० हा आकडा बघून खूश होऊ नका, त्याचे तुकडे बघा. माझ्या ऑफरमध्ये बेसिक ४५० होता, उरलेला ‘अकॅडमिक अलाउन्स’, प्रवासभत्ता वगैरे. जुलै २०२३ मध्ये ओमानचा नवा कामगार कायदा आला (शाही फर्मान ५३/२०२३). त्यानुसार सेवा संपताना दरवर्षामागे एका महिन्याचा बेसिक पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. आधी पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १५ दिवसांचाच मिळायचा, म्हणजे सुधारणा मोठी आहे. फक्त ती बेसिकवर आहे, एकूण पगारावर नाही. माझ्याच बरोबर लागलेल्या, तेवढाच एकूण पगार घेणाऱ्या एका केरळी सहकाऱ्याने सहीआधी एचआरशी भांडून बेसिक ६०० करून घेतला. तीन वर्षांनी त्याला १,८०० रियाल मिळतील आणि ४५० बेसिकवाल्याला १,३५०. फरक ४५० रियाल, म्हणजे जवळपास लाखभर रुपये, तोही एका मेलच्या कष्टात. मी मागितला तेव्हा ५०० पर्यंत आले, पुढे हलले नाहीत. ऑफर लेटर हे तिथं भाजीबाजारासारखंच आहे, पहिला भाव हा शेवटचा नसतो. फक्त घासाघीस लेखी करा.

कागदपत्रांत अवघड काही नाही, वेळखाऊ आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. भारत आणि ओमान दोघेही अपॉस्टिल करारात आहेत. मूळ प्रमाणपत्र हातात ठेवून वर्षानुवर्षांचे अनुभवाचे दाखलेही आधीच गोळा करा. कुठल्या तरी कॉलेजचे क्लार्क निवृत्त झालेले असतात आणि तुमची नेमणूक तिकडे अडकते. पोचल्यावर रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे आणि रेसिडेंट कार्ड. पासपोर्ट तुमच्याजवळच राहतो. तुमच्या लेखी संमतीशिवाय तो ठेवून घ्यायचा मालकाला अधिकार नाही. आमच्याकडे एचआरच्या मुलाने ‘सुरक्षिततेसाठी’ जमा करा म्हटलं होतं. मी नको म्हटलं, त्याने ‘बरं’ म्हटलं, विषय संपला. नव्या माणसाला हे नको म्हणता येतं हेच माहीत नसतं.

घराबद्दल तक्रार शून्य. दोन खोल्या, स्वयंपाकघर, प्रत्येक खोलीत एसी, वॉशिंग मशीन, गच्चीवर पाण्याची टाकी. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की दुपारी थंड पाण्याचा नळ सोडूनही अंघोळ करवत नाही. सोबत एक फिलिपिनो सहकारी आहे, स्वच्छ, अबोल आणि रात्री अकराला झोपणारी. यापेक्षा जास्त काय हवं. अडचण येण्याजाण्याची. विद्यापीठाची व्हॅन सकाळी नेते, संध्याकाळी आणते, मधे काही नाही. भारतीय लायसन्सवर तिथं कायम राहणाऱ्याला गाडी चालवता येत नाही, नव्याने परीक्षा द्यावी लागते, आणि गाडी नसेल तर रस्त्यावर चालणारे तुम्ही एकटेच असता. ज्यांना संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन चहा पिण्याची सवय आहे त्यांनी हे गांभीर्याने घ्यावं.

आता मुद्द्याची गोष्ट.

करारात लिहिलंय ‘आठवड्याला २० कॉन्टॅक्ट अवर्स’. रविवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ४, येताना-जाताना बोट उमटवायचं. शुक्र-शनि सुट्टी. २० तास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तयारी-तपासणी, असं कागदावर छान दिसतं. कायद्यानेही आठवड्याला ४० तासांची मर्यादा आहे. पण ते २० तास म्हणजे फक्त वर्गात उभं राहण्याचे. बाकी काहीच ‘तास’ या व्याख्येत बसत नाही.

माझ्याकडे दोन तुकड्या असतात, मिळून ५० च्या आसपास मुलं. दर आठवड्याला लेखनाचा एक तरी कागद. एका निबंधाला दहा मिनिटं धरली, आणि खुणा करून, चूक समजावून लिहायची तर दहाच लागतात, तरी आठ तासांहून जास्त तपासणीतच गेले. परीक्षेच्या वेळी प्रत्येक लेखनाचा पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा. गुण जुळले नाहीत तर तिसरा. पद्धत चांगली आहे, मुलांवर अन्याय होत नाही, मी तिच्या बाजूची आहे. पण दुसऱ्याच्या तुकडीचे पेपर तपासायला वेगळा वेळ कुठेही मांडलेला नाही. शिवाय सुपरव्हिजन. नव्या विद्यापीठात परीक्षा विभाग नावाचा विभागच नसल्यामुळे गणिताच्या, संगणकाच्या, सगळ्यांच्या परीक्षांना उभे राहणारे आम्हीच.

त्यावर फाइली. ओमानात उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारं सरकारी प्राधिकरण आहे, आणि नव्या संस्थेला त्यांच्यापुढे लवकरच उभं राहायचं असतं. ज्यांनी आपल्याकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, तयारीत रात्री काढल्या आहेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. प्रत्येक विषयाची कोर्स फाइल: आठवडावार योजना, प्रत्येक चाचणीचा आराखडा, मॉडरेशनचा (दुसऱ्याने गुण पडताळल्याचा) फॉर्म, निकालाचे आलेख, एक चांगला, एक मध्यम, एक कच्चा पेपर नमुन्यादाखल. हे दर सत्राला. जुन्या संस्थेत गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलता येतात. इथं गेलं वर्षच नव्हतं. प्रश्नपेढी नाही, चाचण्यांचे जुने संच नाहीत, फाउंडेशनच्या दुसऱ्या टप्प्याचं, लेव्हल टूचं, पुस्तक सत्राच्या चौथ्या आठवड्यात आलं. तोवर आम्हीच धडे लिहीत होतो, झेरॉक्सला रांग लावत होतो, आणि झेरॉक्सचा कोटा महिन्याच्या मध्यावर संपला की आपापल्या खिशातून काढत होतो.

याचा कळस झाला तो एका बाळंतपणाच्या रजेवेळी. विभागातली ट्युनिशियाची सहकारी गरोदर होती. नव्या कायद्याने ९८ दिवसांची पगारी रजा मिळते, आधी ती ५० होती. तिला ती विनातक्रार, पूर्ण मिळाली, त्याबद्दल संस्थेला पूर्ण गुण. पण तिच्या जागी कुणालाही घेतलं नाही. तिच्या दोन तुकड्या आमच्यात वाटल्या गेल्या, ‘बदली तास’ म्हणून. बदली तास हे २० मध्ये धरत नाहीत. ज्यादा पैसे? डीन म्हणाले, ही टीम स्पिरिटची गोष्ट आहे. कायदा तिच्या बाजूने होता आणि संस्थेने तो पाळला, फक्त त्याची किंमत आम्ही मोजली. ती परत आली तेव्हा तिलाच अपराध्यासारखं वाटत होतं, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपलं.

पगारश्रेणी दोन आहेत हेही सांगून टाकते. ‘नेटिव्ह स्पीकर’ची एक आणि आपली एक. काम तेच, तुकड्या त्याच, पेपर तेच. आपली श्रेणी पासपोर्टवरून ठरते, तोंडातून निघणाऱ्या इंग्रजीवरून नाही. दक्षिण आफ्रिकेची एक बाई आहे, घरी आफ्रिकान्स बोलते, स्वतःच सांगते की शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येत नव्हतं; ती वरच्या श्रेणीत. लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, इंग्रजीत पीएचडी केलेली लखनौची बाई खालच्या. वर विनोद म्हणजे व्याकरणाचा प्रश्न अडला की वरच्या श्रेणीतले खालच्या श्रेणीच्या टेबलापाशी येतात. मला माणसांचा राग नाही, ब्रिटिश टीम लीडर उलट आमच्यासाठी सारखा भांडत असतो. पण जाहिरातीत ही अट लिहिलेली नसते, हे खटकतं. मुलाखतीतच सरळ विचारा. अवघडून उत्तर देतात, पण देतात.

मुलांविषयी लिहायला मला आवडतं. वर्गात मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला बसतात, गटचर्चाही आपापल्या बाजूलाच. मुली सरसकट जास्त तयारीच्या. मुलांना सकाळी आठचा वर्ग म्हणजे शिक्षा, आणि अनुपस्थितीचा पहिला इशारा, दुसरा इशारा, मग परीक्षेला बंदी, हा कारभार करण्यात शिक्षकाचा निम्मा जीव जातो. अरबीत ‘प’ हा उच्चार नाही, त्यामुळे पहिला महिना ‘बार्किंग’ आणि ‘बेबर’मध्ये जातो. वाक्यातलं ‘इज’ सुटतं, कारण अरबीत वर्तमानकाळात ते लागतच नाही. लिहिताना स्वर गळतात. एकदा कारण कळलं की चुका तपासायला कंटाळा येत नाही, उलट पुढचा धडा काय घ्यायचा ते त्या चुकाच सांगतात. उद्धटपणा जवळजवळ नाही. शिक्षकाला ‘टीचर’ किंवा ‘मिस’ म्हणतात, सुट्टीवरून येताना घरचे खजूर आणतात, आणि आई आजारी आहे हे कारण सांगितलं तर बहुतेक वेळा ते खरं असतं. लेव्हल वनमध्ये स्वतःचं नाव लिहिताना अडखळणारी एक मुलगी सत्राअखेर माझ्याशी पाच मिनिटं आजीच्या शेळ्यांबद्दल इंग्रजीत बोलली. या नोकरीत राहायचं कारण कुणी विचारलं तर मी हेच सांगते, एचआरचं ब्रोशर नाही.

रमजानमध्ये कायद्याने मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहाच तास काम असतं. आमच्याकडे वर्गच आखूड होतात, त्यामुळे सगळ्यांनाच फायदा. दिवसा उघड्यावर खायचं-प्यायचं नाही. स्टाफरूममागे एक बंद खोली आमच्यासाठी दिली होती, तिथं चहाची सोयही ठेवली होती, ही समज दाखवल्याबद्दल कौतुक. अभ्यासक्रम मात्र आखूड होत नाही, तो रमजाननंतर दामटून पुरा करायचा असतो.

इमारतीचं बांधकाम अजून चालू आहे. उन्हाळी सत्रात खिडकीबाहेर यंत्राचा आवाज इतका की श्रवणाची चाचणी घेणं अशक्य. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला ओमानात बंदी आहे, आणि आम्ही सगळ्या श्रवणाच्या चाचण्या त्या तीन तासांत बसवल्या. वेळापत्रकात ही एक गोष्ट कुणीतरी डोकं लावून केलेली. बाहेर सावलीत त्या वेळी आडवे झालेले मजूर आपल्याच देशातले असतात, बांगलादेशातले असतात, आणि त्यांच्या तुलनेत आपली एसीतली तक्रार किती मोठी, हेही जाता जाता मनात येतंच. आलं तरी तक्रार खोटी ठरत नाही.

नोकरी सोडण्याचं पूर्वी फार जाचक होतं. आधीच्या मालकाने एनओसी (ना-हरकत दाखला) दिली नाही तर ओमानात दुसरी नोकरी धरायला दोन वर्षं थांबावं लागायचं. जानेवारी २०२१ पासून ती अट गेली. करार संपला किंवा रीतसर संपवला की दुसरीकडे जाता येतं. त्यामुळे जुने लोक जे भीतीचे किस्से सांगतात, त्यातले बरेच आता लागू नाहीत. प्रोबेशन तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नोकरीला लावण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ओमानचा कायदा सांगतो, त्यामुळे कुणी एजंट ‘व्हिसा प्रोसेसिंग’च्या नावाखाली तुमच्याकडून मोठी रक्कम मागू लागला तर फोन ठेवा. ओमानीकरणाचं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी ओमानी माणसं घेण्याचं, धोरण चालू आहेच. विभागात दोन तरुण ओमानी शिक्षक आले, दोघंही उत्तम शिकवतात, आणि काही वर्षांत आमची जागा त्यांच्यासारख्यांना द्यायची आहे हे संस्था लपवत नाही. तसं ते रास्तच आहे. निवृत्तीपर्यंतची नोकरी म्हणून येऊ नका, पाच-सात वर्षांचा हिशोब मांडून या.

कुणी यावं? सेट-नेट होऊनही कायम जागा नसलेल्यांनी, डोक्यावर गृहकर्ज असलेल्यांनी, आणि शून्यापासून अभ्यासक्रम बांधायची ज्यांना खरोखर हौस आहे अशांनी. जुनं विद्यापीठ मिळत असेल तर तेच घ्या, पगार थोडा कमी असला तरी. तिथं प्रश्नपेढी आणि परीक्षा विभाग या दोन गोष्टी असतात, आणि त्यांची किंमत महिन्याला १०० रियाल तरी धरायला हवी. मुलाखतीत घर, तिकीट, विमा हे ते स्वतःच सांगतात. तुम्ही विचारा की आठवड्याच्या तासांत काय काय मोजता, दुसरी तपासणी कुणाच्या वेळात होते, आणि रजेवर गेलेल्या माणसाचे वर्ग कोण घेतं. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असं म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

माझं नूतनीकरणाचं पत्र आलंय. सहीआधी मी दोन ओळी घालायला सांगितल्या आहेत: सुपरव्हिजन आणि फाइलींचा वेळ धरून आठवड्याचे तास किती, आणि बदली तास वाढले तर ओव्हरटाइम. कायद्याने ओव्हरटाइमला बेसिकच्या दरावर दिवसा किमान २५ टक्के आणि रात्री ५० टक्के जास्त मिळायला हवेत, म्हणजे मी उपकार मागत नाहीये. पहिली ओळ एचआरने मान्य केली. दुसरीवर डीनची सही बाकी आहे. दरम्यान मस्कतमधल्या एका जुन्या कॉलेजातून मुलाखतीचा मेल आलाय. पगार तेवढाच, १८ तास, घर आपलं आपण शोधायचं. मी त्यांना मुलाखतीसाठी होकार कळवलाय.